लाँचची वेळ रोज लवकर का येते? इंटरनेट सॅटेलाइट ट्रॅक करण्यामागचा इतिहास

कुठलंही लाँच कॅलेंडर उघडा, येत्या आठवड्यात इंटरनेट सॅटेलाइट घेऊन जाणारं एखादं तरी रॉकेट त्यात असतंच, बऱ्याचदा दोन-तीन असतात. समोर वेळ दिलेली असते, अगदी मिनिटापर्यंत, आणि शेजारी बॅकअपचा दिवस. आता गंमत बघा, बॅकअपच्या दिवसाची वेळ बहुतेक वेळा आदल्या दिवसाच्या वेळेपेक्षा वीस-बावीस मिनिटं लवकरची असते. हे काही कुणी ऑफिसात बसून सोयीने ठरवलेलं नाही. ती वेळ कक्षेच्या भूमितीतून येते, आणि ही भूमिती दोन्ही बाजूंनी वाचता येते हे लोकांना कळायला लागलं तिथूनच लाँच ट्रॅक करण्याचा सगळा इतिहास सुरू होतो.

सुरुवातीला परिस्थिती अगदी उलटी होती. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक गेला तेव्हा आधी कुणाला तारीख नव्हती, वेळ नव्हती, काहीच नव्हतं, तो वर गेल्यावर जगाला कळलं आणि मग शोधाशोध. अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी मूनवॉच नावाची हौशी निरीक्षकांची मोहीम आधीच उभी करून ठेवली होती. साधे लोक, शिक्षक, विद्यार्थी, छोट्या दुर्बिणी ओळीने मांडून बसायचे, ठिपका रेषा ओलांडून गेला की घड्याळात वेळ बघून नोंद करायचे, आणि अशा नोंदी एकत्र करून कक्षा काढली जायची. नंतर बेकर-नन नावाचे मोठे कॅमेरे जगभर १२ ठिकाणी बसवले, त्यातला एक आपल्याकडे नैनितालला होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं. दुसरीकडे जॉन्स हॉपकिन्सच्या लॅबमध्ये गायर आणि वायफेनबाख या दोघांनी स्पुटनिकची बीप ऐकता ऐकता तिच्या फ्रिक्वेन्सीतला डॉप्लर बदल, म्हणजे सॅटेलाइट जवळ येताना आणि दूर जाताना होणारा फरक, मोजला आणि एका ठिकाणी बसून कक्षा काढून दाखवली. हाच विचार उलटा फिरवून, म्हणजे सॅटेलाइट कुठे आहे ते माहीत असेल तर आपण कुठे आहोत ते काढायचं, पुढे ट्रान्झिट ही नेव्हिगेशन सिस्टीम आली.

पण मला या सगळ्यात जास्त आवडतो तो इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचा किस्सा. तिथले विज्ञान शिक्षक जेफ्री पेरी पोरांना बरोबर घेऊन साध्या रेडिओ रिसीव्हरवर सोव्हिएत सॅटेलाइटचे सिग्नल ऐकायचे आणि वेळा लिहून ठेवायचे. १९६६ मध्ये कोसमॉस ११२ गेला आणि त्याची कक्षा नेहमीच्या जागेवरून सुटलेल्या सॅटेलाइटशी जुळेना. त्यांनी जमिनीवरचा मार्ग मागे मागे नेला, नंतरच्या सॅटेलाइटचाही नेला, आणि त्यातून सोव्हिएत युनियनच्या उत्तरेला एक नवीन लाँच साइट आहे हे काढलं. ती प्लेसेत्स्क. सोव्हिएत सरकारने तिचं अस्तित्व १९८३ पर्यंत मान्य केलं नव्हतं! शाळेतल्या पोरांनी कक्षेवरून जागा शोधली. आज आपण करतो ते नेमकं याच्या उलट, जागा माहीत असते, रॉकेट कुठल्या दिशेला जाणार ते माहीत असतं, त्यावरून कक्षा काढायची. गणित तेच.

हे गणित सगळ्यांच्या हातात यायला एक मधला दुवा लागला तो म्हणजे टीएलई. दोन ओळी, प्रत्येकी ६९ अक्षरांच्या, त्यात कक्षेचा कल (विषुववृत्ताशी होणारा कोन), आकार, वेग, सगळं बसवलेलं. हा फॉरमॅट पंच कार्डच्या काळातला आहे म्हणून इतका आखूड. अमेरिकन लष्कराचे रडार वस्तू मोजतात, त्यांचा कॅटलॉग होतो, आणि त्यातला उघडा भाग टीएलई म्हणून लोकांपर्यंत येतो. टी. एस. केल्सो यांनी १९८५ मध्ये मॉडेमवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डवरून हा डेटा वाटायला सुरुवात केली, त्याचीच पुढे सेलेसट्रॅक ही वेबसाइट झाली. आज फोनवरचं जे ॲप सांगतं ना की अमुक वाजता वायव्येकडून सॅटेलाइट येईल, त्याच्या पोटात बहुतेक वेळा याच दोन ओळी असतात.

आता इंटरनेटकडे येतो. सॅटेलाइटवरून इंटरनेट ही काही नवीन गोष्ट नाही, पण आधी सगळा भर भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, सॅटेलाइटवर होता, ३५,७८६ किमी उंचीवर. तिथून एक सॅटेलाइट पृथ्वीचा मोठा भाग बघतो, पण सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर परत यायला अजून पाव सेकंद, म्हणजे व्हिडिओ कॉलला वगैरे त्रासच. उंची ५५० किमीवर आणली तर हा वेळ काही मिलिसेकंदांवर येतो. पण मग अडचण अशी की इतका खालचा सॅटेलाइट जमिनीचा छोटासा तुकडा बघतो आणि साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, म्हणजे काही मिनिटांत डोक्यावरून निघून गेला. त्याच्या मागे दुसरा लागतो, तिसरा लागतो, असे शेकडो-हजारो. आणि म्हणूनच लाँच इतके.

हा विचार १९९० च्या दशकात जोरात होता. टेलेडेसिक नावाच्या कंपनीने, ज्यात क्रेग मॅकॉ आणि बिल गेट्स यांचा पैसा होता, १९९४ मध्ये ८४० सॅटेलाइटचा प्लॅन मांडला, मग तो २८८ वर आणला, आणि २००२ मध्ये काम थांबवलं. इरिडियम मात्र वर गेलं. फोनसाठी होतं ते, इंटरनेटसाठी नाही, पण खालच्या कक्षेत ६६ सॅटेलाइटचं जाळं खरंच चालवून दाखवणारं. पहिलं लाँच मे १९९७ मध्ये, सेवा नोव्हेंबर १९९८ ला, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. तंत्र चाललं, ग्राहक आले नाहीत. तरी आकाश बघणाऱ्यांवर इरिडियमचे उपकार आहेत असं मी म्हणेन, कारण त्यांच्या चकचकीत अँटेनांवरून ऊन परावर्तित होऊन काही सेकंद जो झगझगीत फ्लॅश दिसायचा तो कधी आणि कुठून दिसणार हे सेकंदापर्यंत आधी सांगता यायचं. आधी वेळ काढून, बाहेर जाऊन, वर बघायचं ही सवय एका अख्ख्या पिढीला तिथे लागली.

आणि इरिडियमनेच एक वाईट धडाही दिला. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ आणि बंद पडलेला रशियन कोसमॉस २२५१ सायबेरियाच्या वर एकमेकांवर आदळले. दोन अख्ख्या सॅटेलाइटची ही पहिलीच टक्कर. त्यानंतर कुठला सॅटेलाइट कुणाच्या जवळून जाणार याची तपासणी आणि इशारे देणं खूप वाढलं.

स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या इंटरनेट जाळ्याची घोषणा जानेवारी २०१५ मध्ये झाली, दोन चाचणी सॅटेलाइट फेब्रुवारी २०१८ मध्ये गेले, पण खरी सुरुवात मे २०१९ ची. १५ मेला वरच्या थरातल्या वाऱ्यामुळे रद्द, पुढच्या दिवशी सॉफ्टवेअर अपडेटसाठी रद्द, शेवटी फ्लोरिडाच्या वेळेप्रमाणे २३ मेला रात्री साडेदहाला ६० सॅटेलाइट एकाच फाल्कन ९ रॉकेटवर गेले. एका दिवसानंतर नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये मार्को लँगब्रूक यांनी एकामागोमाग जाणाऱ्या त्या सॅटेलाइटची माळ व्हिडिओत पकडली. अधिकृत कक्षा हाताशी नसताना त्यांनी स्वतः अंदाजी कक्षा काढली होती आणि त्याप्रमाणे कॅमेरा लावून थांबले होते, मूनवॉचवाल्यांच्या आणि केटरिंगच्या पोरांच्या रांगेतलं काम आहे हे. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि लोकांना पुढच्या लाँचची तारीख हवी झाली. त्याच व्हिडिओने खगोलशास्त्रज्ञांची झोप उडवली, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने जून २०१९ मध्ये काळजी व्यक्त करणारं निवेदन काढलं, मग काळा लेप दिलेला सॅटेलाइट, सावली पाडणारी पट्टी, असे प्रयोग झाले. त्यांची तक्रार मला रास्त वाटते, आणि माळ बघायचा आनंद घेणाऱ्यांनी ती नीट ऐकायलाच हवी.

तर आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. सॅटेलाइटच्या कक्षेचं प्लेन, म्हणजे कक्षा ज्या सपाट पातळीत असते ती, अवकाशात जवळजवळ स्थिर असतं, पृथ्वी त्याच्या आत फिरते. लाँच पॅड फिरत फिरत बरोबर त्या प्लेनखाली येतो तेव्हाच सुटायचं, नाहीतर प्लेन बदलायला इंधन जाळावं लागतं आणि ते फार महाग पडतं. ताऱ्यांच्या हिशोबाने पृथ्वीची फेरी २४ तासांना चार मिनिटं कमी, म्हणजे चार मिनिटं इथेच गेली. वर पृथ्वी मध्यावर थोडी फुगीर आहे, त्या फुगीरपणाच्या ओढीने ५३ अंश कलाचं, ५५० किमीवरचं प्लेन रोज साधारण साडेचार अंश पश्चिमेला सरकतं, त्याचे अठरा मिनिटं. अठरा आणि चार, बावीस. एवढंच आहे ते! म्हणून त्याच प्लेनसाठी उद्याची वेळ आजच्यापेक्षा तितकी लवकर असते. कधी कंपनी दुसरंच प्लेन निवडते, मग वेळ भलतीकडे उडी मारते, आणि ट्रॅक करणारे लोक त्यावरूनच ओळखतात की प्लॅन बदलला.

फाल्कनमध्ये अजून एक गोष्ट असते, त्यातला ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त थंड करून अगदी शेवटच्या ३५ मिनिटांत भरायला घेतात. तो तापायला लागला की काम बिघडतं, त्यामुळे इंधन भरणं सुरू झाल्यावर जरा थांबू, ढग जाऊ दे, असं करता येत नाही. थांबलं की त्या दिवसाचं किंवा निदान त्या वेळेचं लाँच गेलं.

वेळ कळते कुठून? विमानांसाठी नोटॅम, म्हणजे वैमानिकांना द्यायच्या सूचना, निघतात, जहाजांसाठी समुद्री इशारे निघतात, कारण खाली पडणाऱ्या भागांच्या वाटेतून लोकांना दूर ठेवायचं असतं. त्यात चौकोनाचे कोपरे अक्षांश-रेखांशासकट असतात. नकाशावर ते मांडले की पट्टा ईशान्येला जातोय की आग्नेयेला ते दिसतं, त्यावरून कक्षेचा कल येतो, आणि वेळ त्यात दिलेलीच असते. फ्लोरिडात बूस्टर (रॉकेटचा खालचा टप्पा) उतरवायचं ड्रोनशिप, म्हणजे माणसाविना चालणारं जहाज, बंदरातून निघालं की अंदाज पक्का. चीनच्या लाँचबद्दल तर बऱ्याचदा या नोटॅमवरूनच आधी कळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या चियानफान जाळ्याचे पहिले १८ सॅटेलाइट गेले, आणि त्या रॉकेटचा वरचा टप्पा नंतर कक्षेत फुटून शेकडो तुकडे झाले, ते आता कॅटलॉगवाल्यांच्या डोक्याला ताप आहेत.

वनवेब या इंटरनेट सॅटेलाइटच्याच दुसऱ्या कंपनीची गोष्ट वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी. मार्च २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, ब्रिटिश सरकार आणि भारती यांनी मिळून ती उचलली. मग मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, कझाकस्तानातल्या बायकोनूरला ३६ सॅटेलाइट चढवलेलं रशियाचं सोयूझ रॉकेट पॅडवर उभं असताना रशियाने अटी घातल्या आणि लाँच रद्दच झालं. त्यातलं काही काम मग इस्रोकडे आलं, २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ ला श्रीहरिकोटाहून एलव्हीएम३ ने ३६-३६ सॅटेलाइट नेले. म्हणजे भूमिती कितीही पक्की असली तरी कॅलेंडरवरची ओळ राजकारणाने पुसली जाऊ शकते. सूर्यामुळेही हिशोब चुकतो, फेब्रुवारी २०२२ मध्ये ४९ स्टारलिंक साधारण २१० किमी उंचीवरच्या खालच्या कक्षेत सोडले, दुसऱ्या दिवशी भूचुंबकीय वादळ, वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि त्यातले ३८ जळून गेले.

ॲमेझॉनचं इंटरनेट जाळं कायपर, म्हणजे आताचं लिओ, उशिरा आलं. २०२० मध्ये ३,२३६ सॅटेलाइटची परवानगी मिळाली, त्यातले अर्धे जुलै २०२६ पर्यंत वर हवेत ही अट होती. पहिली खरी बॅच ९ एप्रिल २०२५ ला हवामानामुळे थांबली आणि २८ एप्रिलला ॲटलस ५ वर २७ सॅटेलाइट गेले. स्टारलिंकचा वेग तर विचारू नका, २०२४ मध्ये फाल्कनची १३० च्या वर उड्डाणं झाली आणि त्यातली साधारण दोन तृतीयांश स्टारलिंकचीच.

या वेगाचा फटका त्या जुन्या दोन ओळींना बसलाय. टीएलईत कॅटलॉग नंबरला पाचच घरं आहेत, म्हणजे ९९,९९९ पर्यंत. पंच कार्डच्या काळात एवढे आकडे पुरून उरतील असं वाटणं साहजिक होतं, पण सॅटेलाइट, रॉकेटचे टप्पे, तुकडे सगळं धरून वापरता येण्याजोगे नंबर संपत आलेत. त्यापुढच्या वस्तूंना मोठे नंबर लागणार आणि त्यांची माहिती ओएमएम नावाच्या नवीन फॉरमॅटमध्ये मिळणार, जुन्या टीएलईत ती नेहमीच्या पद्धतीने बसणार नाही. तेव्हा लाँचनंतर माळ शोधायला जुनं ॲप किंवा स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याला ओएमएम वाचता येतं का हे आत्ताच तपासून घ्या, नाहीतर नवीन बॅच त्यात कदाचित दिसणार नाही.