जुनी विंडोज नव्या मशीनवर नेताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मशीन नवे हवे, पण आतले सगळे जसेच्या तसे हवे: टॅली, जुनी बिले, प्रिंटरची सेटिंग, मराठी फॉन्ट, मेल. हे होऊ शकते. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर घेऊन तीच विंडोज नव्या मदरबोर्डवर चालू करता येते. विंडोज १० पहिल्यांदा सुरू होताना नवे हार्डवेअर बहुतांश स्वतःच ओळखते. जिथे अडते त्या जागा मोजक्या आहेत: बूटची (मशीन चालू होऊन विंडोज उघडण्याची) पद्धत, डिस्क कंट्रोलर (डिस्कला बोर्डशी जोडणारा भाग), एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणे) आणि लायसन्स. या चारही गोष्टी जुने मशीन चालू असतानाच तपासता येतात. ते बंद पडल्यावर यातली प्रत्येक गोष्ट दुप्पट अवघड होते, म्हणून हे पत्रक मशीन आणण्याआधी वाचा.

आधी ठरवा: क्लोन की नव्याने विंडोज?

कॉम्प्युटरवर फक्त ब्राउझर, ऑफिस आणि फोटो असतील तर क्लोनच्या भानगडीत पडू नका. नव्याने विंडोज टाकून फाइल कॉपी केल्या की काम स्वच्छ होते आणि मशीनही हलके चालते. ब्रँडेड नवा लॅपटॉप घेतला असेल तर त्यात स्वतःची विंडोज ११ आणि तिचे लायसन्स असतेच. ती पुसून वर जुनी विंडोज चढवणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते. अशा लॅपटॉपच्या बोर्डवर अनेकदा होम आवृत्तीची की (लायसन्सचा क्रमांक) नोंदलेली असते. तुमची जुनी विंडोज प्रो असेल तर ती या कीवर ॲक्टिव्हेट होणार नाही.

क्लोनचा खरा उपयोग पुन्हा टाकता न येणारी सॉफ्टवेअर असतात तिथे आहे. सीडी हरवलेले बिलिंग पॅकेज, ज्याचा विक्रेता आता धंद्यात नाही असे दवाखान्याचे सॉफ्टवेअर, डीटीपीचे जुने सेटअप. मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे, पत्रिका, दस्तऐवज तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडले की मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. क्लोनमध्ये हे फॉन्ट आपोआप येतात. नव्याने विंडोज टाकताना ते मागे राहतात, आणि ही गोष्ट नेमकी एखादी जुनी फाइल तातडीने लागते तेव्हा लक्षात येते.

विंडोज ७ असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: नव्या मशीनवर ती नेऊ नका. तिच्यात एनव्हीएमई (नव्या वेगवान प्रकारच्या) डिस्कचा आणि यूएसबी ३ चा ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम, मुळात नाही. विंडोज सुरू झाली तरी कीबोर्ड-माउस मेलेले असतात. शिवाय नव्या इंटेल बोर्डांवर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, जुन्या पद्धतीचे बूट बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. त्या एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ ची डिस्क व्हर्च्युअल मशीनच्या (कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरच्या) रूपात विंडोज ११ च्या आत चालवता येते. तिला इंटरनेटपासून मात्र तोडून ठेवा. तिचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले.

३२ बिटची विंडोज १० असेल तरी क्लोनचा उपयोग नाही. नव्या बोर्डांच्या यूईएफआयवर (मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीवर) ती बूट होत नाही, आणि ३२ वरून ६४ बिटवर जाण्यासाठी विंडोज नव्याने टाकावीच लागते.

जुन्या मशीनवर काय तपासायचे

विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा. उघडलेल्या यादीत ‘बायोस मोड’ अशी ओळ असते. तिथे ‘यूईएफआय’ असेल तर पुढचे काम सोपे. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर डिस्क एमबीआर पद्धतीची आहे, म्हणजे तिच्या भागांची नोंद जुन्या तऱ्हेने ठेवलेली आहे, आणि नव्या मशीनसाठी ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागेल. मायक्रोसॉफ्टचेच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येते आणि डेटा न पुसता बदल करते. अट अशी की डिस्कवर मुख्य पार्टिशन (डिस्कचे भाग) ३ पेक्षा जास्त नसावीत. सी, डी, ई आणि वर ‘सिस्टम रिझर्व्हड’ असे ४ भाग पाडलेल्या डिस्कवर ते नकार देते. तेव्हा एक भाग आधी रिकामा करून काढून टाकावा लागतो.

हा बदल क्लोनवर करायचा, मूळ डिस्कवर कधीच नाही. मूळ डिस्क बदलली आणि जुन्या बोर्डला यूईएफआय येत नसेल, तर परतीचा रस्ताच उरत नाही.

मग डिस्कची तब्येत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणाऱ्या जागा) या दोन ओळी बघा. दोन्हीकडे शून्य असेल तर निर्धास्तपणे क्लोन करा. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर त्या मशीनवर काम तिथेच थांबवा. ते चालू-बंद करत राहू नका, डिस्क डीफ्रॅग करू नका, चेक डिस्क चालवू नका. आजारी डिस्कवर जास्तीचा प्रत्येक फेरा धोक्याचा असतो. अशी डिस्क साध्या क्लोन प्रोग्रॅमने मध्येच अडकते. तिच्यासाठी चांगले भाग आधी उचलून खराब भागाकडे शेवटी वळणारे ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे लागते आणि त्याला एखादा दिवसही लागू शकतो.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन, चालू आहे का ते नक्की बघा. अनेकांना ते चालू आहे हे ठाऊकच नसते, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्क एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. त्याची चावी बोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा कोणालाच काढता येत नाही, आम्हालाही नाही. म्हणून क्लोनच्या आधी एन्क्रिप्शन पूर्ण काढा (मोठ्या डिस्कला काही तास लागतात) आणि की कागदावर लिहून ठेवा.

लायसन्स

विंडोजचे लायसन्स दोन तऱ्हांचे पडते. जुन्या मशीनबरोबर आलेले ओईएम लायसन्स त्याच मदरबोर्डपुरते असते आणि त्या बोर्डाबरोबरच संपते. वेगळे विकत घेतलेले रिटेल लायसन्स नव्या मशीनवर नेता येते. क्लोन करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ते मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. नंतर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘या मशीनचे हार्डवेअर नुकतेच बदलले’ हा पर्याय निवडला की ते नव्यावर येते. विंडोज ७ किंवा ८ च्या कीवर विंडोज १० किंवा ११ मोफत घेण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या की बऱ्याचदा मोठ्या संस्थांच्या सामूहिक लायसन्समधल्या असतात आणि मायक्रोसॉफ्टने ब्लॉक केल्या की निकामी होतात. त्या आम्ही टाकत नाही. ओईएम असेल तर नव्या लायसन्सचा खर्च आधीच हिशेबात धरा.

टॅलीचे लायसन्सही मशीनला बांधलेले असते. जुन्या मशीनवर इंटरनेट चालू ठेवून ते ‘सरेंडर’ करा, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करा. टॅलीच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी ठेवा. तो ईमेल बऱ्याच ठिकाणी आधीच्या अकाउंटंटचा निघतो, आणि हे काम सुरू झाल्यावर कळले तर सगळे तिथेच थांबते.

डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर सर्टिफिकेट त्या टोकनमध्येच असते. मशीन बदलले म्हणून नवी सही काढावी लागत नाही. डोंगलवर (पॅकेज चालण्यासाठी मशीनला लावून ठेवायच्या छोट्या उपकरणावर) चालणाऱ्या पॅकेजचा डोंगल यूएसबीचा आहे की प्रिंटर पोर्टचा, ते बघा. नव्या बोर्डांवर २५ पिनचा पोर्ट सहसा नसतो. यूएसबीला प्रिंटर पोर्ट लावणारी साधी केबल प्रिंटरला चालते, डोंगलला बहुधा चालत नाही. तेव्हा पॅकेज विकणाऱ्याकडून यूएसबी डोंगल बदलून घ्यावा लागतो.

नवी डिस्क निवडताना

जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर (चिपवर चालणाऱ्या वेगवान डिस्कवर) सरळ क्लोन होत नाही, त्यात निम्मीच जागा भरलेली असली तरी. विंडोजमध्ये एक ४६५ आणि दुसरी ४४७ जीबी दिसते. ‘क्लोनझिला’सारखी साधने लहान डिस्क मुळातच नाकारतात. त्यामुळे एकतर सरळ १ टीबीची घ्यावी, नाहीतर सी ड्राइव्ह आधी आकसून घ्यावा. आकसताना ‘पेजफाइल’ आणि हायबरनेशनची फाइल (विंडोज स्वतःच्या कामासाठी ठेवते त्या मोठ्या फाइल) आडवी येते. ती दोन्ही तात्पुरती बंद केली की जागा मोकळी होते.

एम.२ खाचेत बसणाऱ्या सगळ्या एसएसडी सारख्या नसतात. सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार जवळजवळ एकसारखे दिसतात आणि प्रत्येक बोर्ड दोन्ही स्वीकारत नाही. ती एसएसडी घट्ट बसवणारा बारीक स्क्रू बोर्डच्या खोक्यात वेगळ्या पुडीत असतो. खोके फेकू नका, तो स्क्रू बाजारात सुटा सहज मिळत नाही.

कामाचा दिवस

महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जीएसटीच्या धावपळीत, हे काम काढू नका. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मशीन आणा. टॅलीचा आणि बिलिंगचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो तुमच्याकडेच ठेवा. क्लोन सुरू झाल्यापासून जुन्या मशीनवर एकही एंट्री करू नका. दोन मशीनवर दोन वेगळे हिशेब तयार झाले की ते जुळवायला क्लोनपेक्षा जास्त वेळ जातो.

विंडोज नेहमीच्या शटडाऊनने पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे ती अर्धी झोपलेली राहते आणि क्लोन प्रोग्रॅम तक्रार करतो. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा. ३०० जीबी भरलेली चांगली हार्ड डिस्क थेट सॅटा केबलने जोडली तर तासाभराच्या आसपास वेळ लागतो. यूएसबी २ च्या जुन्या पोर्टवरून तेच काम अडीच तासांवर जाते.

पहिल्यांदा सुरू करताना नव्या मशीनमध्ये फक्त नवी डिस्क असावी. जुनी आणि क्लोन दोन्हींची ओळखसंख्या एकच असते, त्यामुळे विंडोज एकीला बाजूला काढते किंवा सी ड्राइव्ह भलत्याच डिस्कवर शोधते. लेगसी क्लोन असेल तर याच टप्प्यावर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट करून जीपीटीचा बदल करायचा.

निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आले तर घाबरू नका, डेटा गेलेला नसतो. विंडोज उठते, पण तिच्या डिस्ककडे जायचा ड्रायव्हर तिने जागा केलेला नसतो. जुना बोर्ड आयडीई किंवा रेड मोडवर होता आणि नवा एएचसीआयवर आहे (ही डिस्क कंट्रोलर चालवण्याच्या पद्धतींची नावे), किंवा सॅटावरची विंडोज एनव्हीएमईवर आली, की हे होते. रिपेअरच्या पडद्यावरून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे मूळ ड्रायव्हर सगळे तपासते आणि लागेल तो पुढच्या बूटसाठी चालू ठेवते. बहुतेक वेळा एवढ्याने सुटते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या मशीनमध्ये ‘व्हीएमडी’ नावाची सेटिंग चालू असेल तर मात्र डिस्क दिसतच नाही. ती बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) बंद करा. पण लॅपटॉपची मूळ विंडोज वापरात असेल तर त्या सेटिंगला हात लावू नका, विंडोज उलट बूट व्हायची थांबेल.

विंडोज सुरू झाली पण नेट नाही, ही पुढची नेहमीची अडचण. लॅनचा (केबलने नेट जोडणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायचा, कारण तो नसेल तर बाकीचे ड्रायव्हर उतरवता येत नाहीत. ड्रायव्हर टाकूनही नेट आले नाही तर केबलवाल्याला फोन करा. अनेक स्थानिक ब्रॉडबँडवाले कनेक्शन जुन्या मशीनच्या मॅक पत्त्याला (लॅन कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवतात आणि तो त्यांच्या बाजूने बदलावा लागतो. ऑफिसात फिक्स आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा ठरलेला पत्ता) दिला असेल तर तो जुन्या, आता नसलेल्या लॅन कार्डाच्या नावावर अडकलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवून ते कार्ड काढून टाकले की आयपी मोकळा होतो. कॉम्प्युटरचे नाव बदलू नका, बाकीची मशीन टॅलीचा डेटा आणि प्रिंटर त्याच नावाने शोधतात. आणि त्याच कारणाने जुने मशीन त्याच नेटवर्कवर पुन्हा चालू करू नका.

मोठ्या डिस्कवर सी ड्राइव्ह वाढवायचा पर्याय पुसट दिसला तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेले असते. ते सरकवावे लागते.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा शेवटी ११ वर जायचेच आहे. पण दोन्ही कामे एका दिवशी करू नका. आधी आहे ती विंडोज नव्या मशीनवर आठवडाभर चालवा: छपाई, बॅकअप, रिटर्न, स्कॅनर सगळे एकदा करून बघा. मग यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू असल्याची खात्री करून ११ चढवा. काही बिघडले तर ते मशीन बदलल्यामुळे की विंडोज बदलल्यामुळे, हे तेव्हाच सांगता येते.

जुनी डिस्क

क्लोन झाल्यावर मूळ डिस्क काढून, तारीख लिहून, आम्ही तुमच्या हातात देतो. ती निदान एक महिना, म्हणजे एक पूर्ण रिटर्न भरून होईपर्यंत, न जोडता कपाटात ठेवा. जुने कॅबिनेट विकणार असाल तर डिस्क आत ठेवून विकू नका. महिना झाला की ती पूर्ण पुसून घ्यायला आणा. साधा फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कवरून फाइल परत काढता येतात, म्हणून संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहावी लागतात. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात.