जुन्या घराच्या धुराड्याची दुरुस्ती: पुण्यात परवानगी कधी लागते, अर्ज कोण करू शकतो, कागद कोणते

पेठांमधल्या वाड्यांत चुलीच्या आणि बंबाच्या कोपऱ्यावर विटांची धुराडी अजून उभी आहेत. कॅम्प आणि खडकीतल्या जुन्या बंगल्यांवर तर दोन-दोन, तीन-तीन आहेत. चूल गेली, बंब गेला, धुराडे मात्र दर पावसाळ्यात भिजत राहिले. छपराबाहेर निघालेला हा भाग चारही बाजूंनी ऊन-पाऊस झेलतो, म्हणून घराच्या बांधकामात बहुधा तोच सगळ्यांत आधी खिळखिळा होतो. वरच्या दोन-चार विटा कौलांवर पडल्या की मालक गवंड्याला बोलावतो आणि धुराडे छपरापर्यंत उतरवून टाकतो. मग शेजारी तक्रार करतात, नोटीस येते आणि काम अर्धवट अडकते. चूक एकच झालेली असते: डागडुजी आणि पाडून पुन्हा बांधणे यांतली रेघ कामाआधी कोणी तपासलेली नसते.

काम कोणत्या प्रकारात बसते

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे विकासकामाला परवानगी लागते. याच कलमात सूटही दिली आहे. इमारतीच्या फक्त आतल्या भागावर परिणाम करणाऱ्या किंवा तिच्या बाह्य स्वरूपात ठळक फरक न पाडणाऱ्या देखभालीच्या आणि सुधारणेच्या कामांना ही परवानगी लागत नाही. दरजा (विटांमधले सांधे) भरणे, गिलावा, फुटलेली टोपी बदलणे, धुराडे आणि कौले यांच्या सांध्यावरचा गंजलेला जस्ती पत्रा काढून नवा बसवणे, वरच्या थरातल्या मोजक्या सुट्या विटा पुन्हा बसवणे ही कामे या सुटीत बसतात.

धुराड्याची उंची किंवा जागा बदलणार असाल, विटांऐवजी सिमेंट काँक्रीट किंवा लोखंडी नळ घालणार असाल, किंवा धुराडे कायमचे काढणार असाल, तर सूट संपते. इमारतीचा भाग पाडणे हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत विकासकामच आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. अस्तित्वातल्या इमारतीतल्या वाढीसाठी आणि फेरफारासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५४ खालीही सूचना द्यावी लागते.

वाद होतो तो मधल्या कामावरून: छपराच्या वरचा सगळा भाग उतरवून त्याच मापाने, त्याच विटांनी, तेवढाच उंच बांधणे. आमचा स्पष्ट सल्ला असा की हे काम सूट गृहीत धरून करू नका. अभियंत्याचे मत, आधीचे फोटो आणि मापे जोडून लेखी अर्ज द्या आणि उत्तर हातात आल्यावरच पहिली वीट काढा. धुराडे एकदा उतरले की ते आधी किती उंच होते हे सिद्ध करायला काहीच उरत नाही.

उंचीचा नियम आधीच तपासा. सपाट गच्चीवर धुराडे गच्चीपासून किमान ०.९ मीटर वर हवे आणि लगतच्या कठड्यापेक्षा खाली नको. उतरत्या छपरात ते आढ्यापेक्षा किमान ०.६ मीटर वर हवे. मागच्या पिढीत कोणी वरचे थर काढून ते बुटके केले असेल, तर नियमाइतके उंच करणे हा बदलच आहे. त्याचा अर्जात वेगळा उल्लेख करा.

अर्ज कोणाकडे

महापालिका हद्दीत बांधकाम विकास विभागाकडे. अर्ज आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत ऑनलाइन जातो. पेठांतल्या तक्रारी आणि परांचीसाठी रस्त्याची जागा वापरायची परवानगी ही कामे क्षेत्रीय कार्यालयात होतात. तुमची पेठ कसबा-विश्रामबागवाडा कार्यालयाकडे आहे की भवानी पेठ कार्यालयाकडे, हे मिळकत कराच्या बिलावरून कळते.

कॅम्प किंवा खडकी कटक मंडळाच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या) हद्दीतल्या घराला महापालिकेचा कागद चालत नाही. तिथे कटक अधिनियम २००६ लागू आहे. बांधकाम किंवा पुनर्बांधकामाला मंडळाची पूर्वमंजुरी लागते आणि जागेची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे कटक जमिनींच्या नोंदवहीत, पाहिली जाते. ‘ओल्ड ग्रँट’ बंगल्यांत जमीन सरकारची आणि बांधकाम धारकाचे अशी स्थिती असते. नावांतर राहिलेले असेल तर आधी ते करून घ्या, नाहीतर दुरुस्तीचा अर्ज तिथेच अडतो.

घर वारसा यादीत असेल तर देखभालीची सूट धरून चालू नका. यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, बाहेरचे रंगकाम आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणे यांनाही पूर्वपरवानगी लागते आणि प्रकरण वारसा संवर्धन समितीकडे जाते. विटांचे नक्षीदार धुराडे हा अशा बंगल्याचा वैशिष्ट्यपूर्ण भागच असतो.

शनिवारवाडा आणि पाताळेश्वर लेणी ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. अंतर मोजायचे ते स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून, दरवाजापासून नव्हे. कसब्यात आणि शनिवार पेठेत या मोजणीत बरेच जण चुकतात. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही, पण १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. प्राधिकारी तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण २ महिन्यांत शिफारस करते आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय होतो. इथे शब्दाला फार किंमत आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या ‘दुरुस्ती व नूतनीकरण’ या व्याख्येतून पुनर्बांधकाम स्पष्टपणे वगळले आहे. ‘पाडून नवीन बांधणे’ असे अर्जात लिहिले, तर दुरुस्तीची वाट तुम्ही स्वतःच बंद केली.

पात्रता

मिळकत पत्रिकेवर नाव असलेला मालक, सर्व सहहिस्सेदार मिळून, विश्वस्त मंडळ किंवा गृहनिर्माण संस्था अर्ज करू शकते. वाड्यांत पत्रिकेवर आजोबांचे नाव आणि हयात वारस दहा-बारा, असे सर्रास असते. अशा वेळी आधी वारसनोंद करून घ्या. नोंद झालेल्यांपैकी एकाने अर्ज करायचा तर बाकीच्यांचे कुलमुखत्यारपत्र किंवा संमती जोडा. एका हिस्सेदाराने हरकत घेतली की फाईल थांबते. धुराडे सामाईक भिंतीत असेल तर पलीकडच्या मालकाची संमतीही घ्या, कारण त्याच्या बाजूचा धूरमार्ग त्याच भिंतीतून गेलेला असू शकतो.

भाडेकरूंसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे कलम १४ आहे. जागा सुस्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस दिल्यावर १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू एकटा किंवा सगळे मिळून ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. हिशेब आणि पावत्या हा त्या खर्चाचा निर्णायक पुरावा धरला जातो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. महिना ६० रुपये भाडे असेल तर वर्षाला १८० रुपये. म्हणजे जुन्या भाड्याच्या वाड्यात ही तरतूद खर्च भरून द्यायला पुरत नाही, पण तुम्ही मालकाला वेळेत कळवले होते याची नोंद म्हणून नोटिशीचा उपयोग मोठा आहे. शिवाय हे कलम नियोजनाच्या परवानगीतून सूट देत नाही.

कागदपत्रे

- अलीकडची मिळकत पत्रिका आणि नगर भूमापनाचा नकाशा
- चालू वर्षाची मिळकत कर भरल्याची पावती
- जुना मंजूर नकाशा. वाड्यांचा तो बहुधा नसतो, अशा वेळी कर आकारणीचा जुना उतारा
- संमतीपत्रे, कुलमुखत्यारपत्र, भाडेकरूंची यादी
- धुराड्याचे चारही बाजूंचे तारखेसह फोटो, एकात मापपट्टी लावलेली
- मोजमापांसह नकाशा: तल, छेद आणि आढ्यापासूनची उंची, अस्तित्वातली आणि प्रस्तावित
- संरचना अभियंत्याचा अहवाल आणि देखरेखीचे पत्र
- लागू असेल तिथे वारसा किंवा पुरातत्त्व विभागाची परवानगी

सगळ्या कागदांवर सिटी सर्व्हे नंबर आणि घर क्रमांक एकच हवा. पेठांत जुना घर क्रमांक, नवा घर क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर असे तीन आकडे फिरत असतात, आणि त्रुटीपत्र येण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे.

अभियंत्याचा अहवाल

‘धुराडे जीर्ण झाले आहे, दुरुस्ती आवश्यक’ एवढ्या दोन ओळींवर कोणी मत देऊ शकत नाही. छपराच्या वरची उंची, बाहेरचे माप, भिंतीची जाडी, ओळंब्याने मोजलेला कल, विटेचे माप, मसाला मातीचा की चुन्याचा, वरून किती थर उतरवणार आणि पाणी नेमके कुठून शिरते, हे सगळे अहवालात हवे. थरांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण दुरुस्ती कुठे संपते आणि पुनर्बांधणी कुठे सुरू होते हे त्यावरून ठरते.

मसाल्याची चाचणी साधी आहे. दरजेत किल्लीचे टोक फिरवून पाहा. पिठासारखी पूड सहज गळाली आणि टोक दोन सेंटिमीटर आत गेले, तर तिथला मसाला संपला आहे. दरज २० ते २५ मिमी खोल खरवडून, धुऊन, ओली करून पुन्हा भरावी लागते. भरायची ती चुन्याने. सिमेंटचा कडक मसाला जुन्या मऊ विटेपेक्षा घट्ट असतो. विटेतले पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही, ते विटेच्या तोंडाशी साचते आणि दोन-तीन पावसाळ्यांत विटेचे तोंडच पापुद्र्यासारखे सुटते. दरज जशीच्या तशी आणि वीट आत खचलेली, असे धुराडे दिसले की तिथे सिमेंट भरले आहे हे ओळखावे. अहवालात ‘चुना १ भाग, वाळू ३ भाग’ किंवा ‘चुना, सुरखी (विटांची पूड), वाळू १:१:१’ असे प्रमाण स्पष्ट लिहून घ्या. वारसा यादीतल्या घराला तर हे लागतेच.

पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो ओढून काढू नका. मुळे दरजांतून खोल गेलेली असतात आणि ओढताना चार थर सोबत घेऊन येतात. बांधकाम थर-थर उतरवतच मूळ मोकळे करावे लागते. खोड जून झालेले असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली उद्यान विभागाची परवानगी आधी घ्या.

अंदाजपत्रकासाठी एक हिशेब. बाहेरून ७५० बाय ७५० मिमी आणि २३० मिमी जाड भिंतीच्या धुराड्याला उंचीच्या प्रत्येक मीटरला सुमारे ०.४८ घनमीटर बांधकाम येते. बाजारातल्या नेहमीच्या मापाच्या विटा साधारण २४०, तूटफूट धरून २५०. तयार मसाला सुमारे ०.१३ घनमीटर. वाड्याच्या पातळ विटा जास्त लागतात, म्हणून उतरवलेल्या विटांपैकी धड किती निघतील याचा अंदाज आधी घ्या.

मुदत आणि नामंजुरी

परिपूर्ण अर्ज पोहोचल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असे मानले जाते. प्रस्ताव नियमांत बसणारा असेल तरच हे लागू होते. त्रुटीपत्राचे उत्तर बाकी ठेवून ६० दिवस मोजत बसू नका. नामंजुरीविरुद्ध त्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. परवानगी १ वर्ष चालते, आणि संपण्याआधी अर्ज केला तरच वाढते.

म्हणून दिवाळी झाली की लगेच अर्ज टाका. फेब्रुवारीपर्यंत कागद हातात आला तर मे अखेरीपर्यंत काम होते. चुन्याला सुकायला आणि पक्के व्हायला वेळ लागतो. जूनच्या पहिल्या सरीत ओला चुना धुऊन जातो.

धुराडे पडायच्या बेतात असेल तर

अभियंत्याचे पत्र आणि फोटो घेऊन महापालिकेला लेखी कळवा. पडण्याच्या स्थितीतला भाग उतरवणे, आधार देणे किंवा दुरुस्त करणे यासाठी आयुक्त महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस देऊ शकतात. कायदेशीर आदेशाच्या पूर्ततेसाठी केलेल्या कामाला नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ ची परवानगी लागत नाही. नोटिशीत जेवढे लिहिले आहे तेवढेच काम करा. ‘धोकादायक भाग उतरवावा’ असे असेल, तर तो पुन्हा बांधायला वेगळा अर्ज लागेल. इमारतीचे वर्गीकरण सी-१ म्हणजे अतिधोकादायक असे झाले, तर एकट्या धुराड्याच्या दुरुस्तीला अर्थ उरत नाही. सी-२बी म्हणजे इमारत रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या दोन वर्गांत काम करता येते.

काम चालू असताना

खालचे तोंड फळी आणि ओल्या गोणपाटाने बंद करा, नाहीतर काजळी आणि विटांचे तुकडे थेट स्वयंपाकघरात येतात. विटा धूरमार्गात टाकू नका, वाकणापाशी अडकल्या तर भिंत फोडून काढाव्या लागतात. उतरवलेल्या प्रत्येक चार-पाच थरांनंतर फोटो घ्या. राडारोडा अधिकृत वाहनातून पाठवून पावती ठेवा, पेठेत गल्लीच्या तोंडाशी पडलेला ढीग ही तक्रारीची पहिली बाब असते. नव्या दरजा किमान ७ दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. धुराडे वापरात नसेल तरी वरून पूर्ण लिंपू नका. टोपीखाली हवा खेळेल अशी फट आणि पाखरांसाठी जाळी ठेवा, म्हणजे आतली ओल बाहेर पडते.

शेवटी अभियंत्याकडून पूर्णतेचे पत्र घ्या. त्यात कामानंतरची उंची आणि मापे अर्जातल्या नकाशाशी जुळतात हे लिहिलेले असावे. आधीचे आणि नंतरचे फोटो जोडून ते परवानगीच्या क्रमांकासह विभागात दाखल करा आणि शिक्क्याची पोच मिळकत पत्रिकेच्या फाईलला लावून ठेवा.