कूपरेजच्या मैदानामागचा इतिहास

मुंबईत मोठा फुटबॉल सामना म्हटलं की आज पाय अंधेरीकडे वळतात. पण या शहराच्या फुटबॉलचं मूळ घर मंत्रालयापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला आहे: कूपरेजचं मैदान. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. गोऱ्या फौजेसाठी पिंपं जिथे बनत, त्या जागेला कूपरेज हे नाव पडलं आणि ते आजही टिकून आहे.

खेळही फौजेनेच आणला. 1891 साली मुंबईत रोव्हर्स कप ही स्पर्धा सुरू झाली. ड्युरँड कप तेवढा त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढची कित्येक वर्षं हा पलटणींचा आपसातला मामला राहिला. 1902 मध्ये हारवूड लीग ही मुंबईची स्थानिक लीग सुरू झाली. 1911 साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’, उभी राहिली. त्याच वर्षी कोलकात्यात मोहन बागान या भारतीय क्लबने, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली होती. मुंबईत मात्र भारतीयांना बराच काळ थांबावं लागलं. 1923 मध्ये मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. अखेर 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने कप जिंकला. तोवर स्पर्धा चाळिशी ओलांडून गेली होती.

स्वातंत्र्यानंतर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स नेला. मुंबईकरांनी चांगला फुटबॉल कसा असतो हे याच काळात जवळून पाहिलं, असं मला वाटतं.

मुंबईचा स्वतःचा फुटबॉल उभा राहिला तो नोकरीच्या बळावर, आणि या गोष्टीचं श्रेय आपण पुरेसं देत नाही. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे, महिंद्र: खेळाडूला कायमचा पगार मिळे, मग तो निवांत खेळे. धोबीतलावच्या जेर महालातल्या गोवेकरांच्या कुडी, म्हणजे सामायिक राहण्याच्या खोल्या, याच काळात मुंबईत पोट भरायला आलेल्या तरुणांचं घर होत्या. त्यातल्या कित्येकांना कामाइतकंच वेड फुटबॉलचं होतं. 1958 मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकला. त्याच कॅल्टेक्सकडून खेळलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आपल्या शहरातल्या एका ऑफिसच्या संघातला माणूस एवढी मजल मारतो, याचा अभिमान मुंबईने मनापासून बाळगायला हवा.

मैदान शांत झालं तेही नोकऱ्यांबरोबरच. गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी क्रीडा विभाग आवरते घेतले. 2000-01 च्या हंगामात मोहन बागानने जिंकलेला रोव्हर्स कप शेवटचा ठरला. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा हे दिवस फिरतील असं वाटलं होतं. 2010 मध्ये कंपनीने तो संघच बंद केला. 2007 साली स्थापन झालेला मुंबई एफसी आय-लीग खेळला, तोही दशकभरात संपला. इंडियन सुपर लीग आली तेव्हा मुंबईच्या नव्या संघाने नवी मुंबई आणि अंधेरीची मैदानं धरली. कूपरेजची बसण्याची जागाच मुळात थोडी, त्या गर्दीला ती पुरली नसती.

आता इथे कृत्रिम हिरवळ आहे. पावसाळ्यातल्या सामन्यांत गुडघाभर चिखलात चेंडू अडकायचा आणि दोन्हीकडचे खेळाडू ओळखू न येण्याइतके एकरंगी व्हायचे, ते दृश्य गेलं. जुन्या प्रेक्षकांना त्याची हळहळ वाटते, आणि ती मला समजते. पण शहरातल्या स्थानिक लीगचे आणि महिलांचे सामने याच हिरवळीवर होतात, आणि दक्षिण मुंबईत ट्रेनने येऊन चर्चगेटला उतरणाऱ्या मुलाला फुटबॉलचं एवढं नीट मैदान दुसरीकडे सहज सापडत नाही.