काठ बंद करणे (सुयांवरील विणकाम)

सुयांवरचे विणकाम हव्या लांबीचे झाले की टाके उसवू नयेत म्हणून ते एकात एक अडकवून संपवतात, आणि उघड्या बाजूंना पट्टी किंवा क्रोशाची किनार लावतात. ठाणे-नवी मुंबईत थंडी जेमतेम डिसेंबर-जानेवारीपुरती, तीही सौम्य. त्यामुळे मोठ्यांच्या स्वेटरपेक्षा बाळाचे टोपडे, मोजे आणि दुपटे यांनाच इथे वाव जास्त. एवढ्याशा वस्तूत काठ चुकला की लगेच कळते: टोपडे डोक्यात शिरत नाही, मोज्याचा वळ पायावर उठतो.

नेहमीच्या पद्धतीत दोन टाके सुलट विणून पहिला टाका डाव्या सुईच्या टोकाने दुसऱ्यावरून ओलांडून सोडतात. मग एक नवा टाका विणायचा आणि पुन्हा तेच. एक सुलट-एक उलट विणीची बॉर्डर असेल तर सुलटावर सुलट, उलटावर उलट विणतच बंद करावी. रुंदीच्या सुमारे तिप्पट लोकर लागते, म्हणजे ८० सेंमी दुपट्याला अडीच मीटर राखून ठेवावी. गुंडा मध्येच संपला तर जोड नेमका काठावर येतो.

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे घट्टपणा. बंद केलेले टाके साखळीसारखे आडवे पडतात, अंगाच्या विणीइतके ताणले जात नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे जाड सुई: अंग ८ नंबरवर (४ मिमी) विणले असेल तर शेवटची ओळ ६ नंबरने (५ मिमी) बंद करावी. नंबर कमी तेवढी सुई जाड. टोपड्याची कड आणि मोज्याचा वरचा काठ मात्र ताणणाऱ्या पद्धतीनेच बंद करावा: दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणायचे, तयार झालेला टाका डाव्या सुईवर परत ठेवायचा, पुन्हा दोन एकत्र. शेवटच्या टाक्याचा कोपऱ्यात सैल कान राहतो. तो टाळायला तो टाका त्याच्या खालच्या ओळीतल्या टाक्यासह विणावा.

सुलट ओळ-उलट ओळ अशी वीण कडेला गुंडाळतेच. इस्त्रीने ती कायमची सपाट होत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच दोन्ही बाजूंना ४-५ टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवावेत. ते राहिले असतील तर किनार लावावी. बाजूने टाके उचलताना ४ ओळींमागे ३ टाके हे प्रमाण बहुतेक वेळा जमते. २४० ओळींच्या बाजूवर १८०. क्रोशाने मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके) घालायचे तरी मोजणी याच प्रमाणाने सुरू करावी, कोपऱ्यात एकाच जागी ३. काठाला झालर पडली तर खांब जास्त झाले. काठ आत ओढला गेला तर कमी. उसवण्यावाचून इलाज नाही, धुऊन ते सुधारत नाही.

लोकरीचे टोक १० सेंमी तरी ठेवून उलट बाजूने आधी एका, मग विरुद्ध दिशेला ओवावे. अॅक्रिलिक (कृत्रिम लोकर) निसरडी असते, एकाच दिशेने ओवलेले टोक धुण्यात बाहेर येते. बाळाच्या कपड्यात गाठ नको, टोचते. सैल फासही नको, बोटे अडकतात.

शुद्ध लोकर ओली करून टाचण्यांनी बेतावर लावली की काठ सरळ बसतो. अॅक्रिलिकला वाफ लागते, पण इस्त्री २-३ सेंमी वर धरून. टेकली की वीण चपटी होते, चकाकते आणि पुन्हा उठत नाही. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत कपडा दोरीवर टाकू नये, पाण्याच्या वजनाने काठ लोंबतो. टॉवेलवर पसरून पंख्याखाली वाळवावा.