बालवयातील चिंता आणि कुटुंबाचा सहभाग

प्रत्यक्ष धोका नसताना, किंवा असलेल्या धोक्याच्या मानाने फार मोठी आणि टिकून राहणारी धास्ती मुलाला वाटणे, म्हणजे बालवयातील चिंता होय. साधारण आठव्या महिन्यापासून आई दृष्टीआड होताच मूल रडू लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ही धास्ती बहुधा आपोआप ओसरते. तो वाढीचाच भाग आहे. त्यापुढच्या वयात ती किमान 4 आठवडे टिकून शाळा, झोप किंवा खेळ अडवू लागली, तर तज्ज्ञांना दाखवावे लागते. लहान मुले ‘चिंता वाटते’ असे म्हणत नाहीत. त्यांचे पोट दुखते, तेही शाळेची रिक्षा दारात आली की. रविवारी दुखत नाही. याला सोंग म्हणणे अन्यायाचे आहे, कारण पोटात कळ खरोखरच येते.

नाशिक परिसरात भीतीची रूपे अर्थातच इथली आहेत. निफाड-सिन्नरकडच्या उसात वावरणारा बिबट्या अधूनमधून शहरातही शिरत असल्याने ‘झोप, नाहीतर बिबट्या येईल’ हा धाक बागुलबुवाहून जास्त लागू पडतो, आणि जास्त अपायही करतो. गोदावरीला पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, याची चर्चा घरोघरी चालते. मोठ्यांसाठी ते पुराचे मोजमाप असते, कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या मुलासाठी नसते.

उपचाराचे मुख्य तत्त्व म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाच्या खाण्याच्या वेळी ससा थोडा थोडा जवळ आणत त्याची भीती घालवली होती. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला उन्हाळ्यात, नदी संथ असताना, आधी पुलावरून गोदावरी दाखवावी, मग घाटाच्या वरच्या पायरीवर बसवावे, आणि पुढची पायरी केव्हा उतरायची हे त्याच्याशी बोलून ठरवावे. हात धरून ओढत नेल्यास सगळे मुसळ केरात जाते.

खरी अडचण मायेची असते. मूल रडले की शाळा बुडवू देणे, रात्रभर दिवा ठेवणे, त्याच्या वतीने आपणच उत्तर देणे, यांनी त्या दिवसापुरती सुटका होते, पण भीती घट्ट होते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत म्हणूनच मुलाऐवजी आईवडील सत्रांना बसतात आणि ही सवलत हळूहळू कमी करायला शिकतात. ‘भीती वाटतेय, कळतंय मला; पण तू निभावशील’ हे वाक्य दोन्ही अर्धांसह म्हणायचे असते. एकत्र कुटुंबात आजीने ‘आजच्या दिवस राहू दे गं’ म्हटले की आठवड्याची मेहनत वाया जाते, तेव्हा आजीलाही सुरुवातीपासून सोबत घ्यावे. दृष्ट काढण्याने अपाय नाही, मात्र त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी करतात. पालकांना सल्ल्यासाठी 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.