‘एनए रहिवासी’ म्हणजे फक्त कुटुंबांसाठी?

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात एखादा बंगला मतिमंद किंवा मानसिक आजारातून सावरलेल्या मंडळींसाठी भाड्याने द्यायचा विषय निघाला, की गल्लीत एक वाक्य हमखास फिरतं: “प्लॉट एनए रहिवासी हाय, इथं असलं काही चालत नाही. शेजाऱ्यांच्या सह्या लागतात.” (एनए रहिवासी म्हणजे शेतीऐवजी राहण्याच्या वापरासाठीची बिगरशेती जमीन.)

चूक. सोलापूर महापालिकेला डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्या निवासी विभागात घरांबरोबर वसतिगृहांनाही जागा आहे. झोन जमिनीचा वापर बघतो, राहणाऱ्याचं आजारपण नाही.

उलट, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 19 अशी समूहगृहं, म्हणजे अशा मंडळींनी एकत्र राहायची घरं, उभारायला सरकारनेच मदत करावी, असं सांगतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देतं.

मग काहीच लागत नाही? लागतं ना! दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 50 नुसार नोंदणीचं प्रमाणपत्र हवं. बांधकामात बदल करायचा तर महापालिकेची परवानगी. शेजाऱ्यांच्या सह्यांचा कागद मात्र यात कुठे बसत नाही. तो बहुधा चहाच्या टपरीवरच तयार झालेला असतो.