चिप्स दुप्पट झाल्या म्हणून पैसे दुप्पट होत नाहीत

पाच-दहा डॉलरच्या ऑनलाइन पोकर टूर्नामेंटचा अभ्यास करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘जिंकायची शक्यता निम्म्याहून जास्त होती, म्हणजे माझा कॉल बरोबरच.’ (कॉल म्हणजे समोरच्याने लावल्या तेवढ्याच चिप्स आपणही लावणं.) कॅश गेममध्ये, जिथे चिप म्हणजे थेट पैसा, हा हिशोब चालतो. टूर्नामेंटच्या बबलवर, म्हणजे अजून एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस अशा टप्प्यावर, तो साफ चुकतो, आणि तरीही तोच पुन्हापुन्हा शिकवला जातो. (भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. त्यामुळे हे लिखाण परदेशात, जिथे खेळ कायदेशीर आहे तिथे खेळणाऱ्या मराठी मंडळींसाठी.)

चिप-ईव्ही तुम्हाला माहीतच आहे: या निर्णयाने सरासरी किती चिप्स वाढतील किंवा घटतील. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स) वाढतात, अँटी (दर डावाला भरायच्या वेगळ्या सक्तीच्या चिप्स) असते, हरलो की सहसा पुन्हा चिप्स विकत घेता येत नाहीत, हे कॅश आणि टूर्नामेंटमधले फरकही ठाऊक असतील. त्यात फारसं कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते आयसीएमपाशी, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेलपाशी. आयसीएम सांगतं की समोरच्या चिप्सची बक्षिसाच्या पैशात आज किंमत किती. घोड्यांच्या शर्यतीसाठी संख्याशास्त्रज्ञ हार्विल यांनी 1973 मध्ये मांडलेलं गणित 1987 मध्ये पोकरवर लिहिणाऱ्या मेसन मालमुथ यांनी पोकरला लावलं, तेच हे.

आकड्यांत बघा. दहा जण, प्रत्येकी 10 डॉलर, साइटची फी सोडली तर 100 डॉलरचं बक्षीस: पहिल्याला 50, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20. चौघं उरलेत, प्रत्येकाकडे 2500 चिप्स. म्हणजे प्रत्येकाची जागा 25 डॉलरची. आता एकाने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तुम्ही कॉल केलं आणि जिंकलात. तुमच्याकडे 5000 चिप्स, उरलेल्या दोघांकडे 2500-2500. तुमची किंमत किती झाली? 50 नाही, 38.33 डॉलर. हरला असतात तर शून्य. 25 भागिले 38.33, म्हणजे ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल नुसता बरोबरीत सुटायलाही 65 टक्क्यांहून थोडी जास्त शक्यता लागते.

आता हातात एक्का-गुलाम आहे, इस्पिकचा एक्का आणि बदामाचा गुलाम. समोरचा डोळे मिटून कुठल्याही दोन पानांवर ऑल-इन करतोय असं धरलं, तरी हा हात साधारण 63.6 टक्के वेळा जिंकतो. चिप्सच्या हिशोबात हा कॉल उत्तम, पैशाच्या हिशोबात तोट्याचा. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजासुद्धा जेमतेम बरोबरीला पोचतात.

भिडलेल्या दोघांच्या जागा मिळून 50 च्या होत्या, जिंकणाऱ्याकडे 38.33 च उरले. मग मधले पैसे कुणाला मिळाले? पानं टाकून गप्प बसलेल्या दोघांना. त्यांची जागा 25 वरून 30.83 वर गेली, एक चिपही न लावता.

इथून लोक दुसरी चूक करतात, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त खटकते. ‘आयसीएम म्हणजे बबलवर आवळून, मोजक्या चांगल्या पानांवरच खेळायचं’ असा अर्थ ते काढतात. आवळायचं कॉल करणाऱ्याने. आधी ऑल-इन करणाऱ्याच्या बाजूने हेच गणित उभं राहतं, कारण 65 टक्क्यांचं ओझं समोरच्याच्या डोक्यावर जातं. दहा ब्लाइंडचा स्टॅक (मोठ्या ब्लाइंडच्या दहापट चिप्स) घेऊन स्मॉल ब्लाइंडच्या जागेवरून, समोर फक्त बिग ब्लाइंडवाला आणि त्याचाही तेवढाच स्टॅक असताना, आयसीएम कॅल्क्युलेटर अगदी फालतू पानांवरही ऑल-इन करायला सांगतो तो त्यामुळेच.

पण तो सल्ला समोरच्याने योग्य वेळी फोल्ड करावं, म्हणजे पानं टाकावीत, यावर टेकलेला आहे. पाच डॉलरच्या टेबलवर बिग ब्लाइंडवाला एक्का-गुलाम काय, राजा-राणीवरही कॉल करतो. त्याचा कॉल त्याला महाग पडतो हे खरं, पण फालतू पानं घेऊन बसलेल्या तुम्हालाही पडतो, आणि फायदा पुन्हा त्या दोघांचाच.

म्हणून नॅश तक्ते (दोघंही अचूक खेळतात असं धरून कुठल्या पानांवर ऑल-इन किंवा कॉल करायचं ते सांगणारे) पाठ करण्यात वेळ घालवू नका, असं माझं ठाम मत आहे. आयसीएमआयझरसारख्या कॅल्क्युलेटरमध्ये आपल्याच हँड हिस्टरीतला (खेळलेल्या हातांच्या नोंदीतला) बबलवरचा एखादा हात टाका. उत्तर बघण्याआधी स्वतःची रेंज, म्हणजे कुठकुठल्या पानांवर खेळाल त्यांची यादी, कागदावर लिहा. मग समोरच्याची कॉल करायची रेंज हाताने बदला, तो प्रत्यक्षात करतो तितकी सैल करा, आणि तुमची ऑल-इनची रेंज किती आक्रसते ते पाहा. नंतर तिसऱ्या खेळाडूचा स्टॅक दोन ब्लाइंडवर आणा. तो कुठल्याही क्षणी बाद होणार म्हटल्यावर तुमच्या कॉलसाठी लागणारी टक्केवारी कशी चढते ते दिसेल. असा एक हात नीट उलगडायला अर्धा तास गेला तरी चालेल. व्हिडिओ लावून मान डोलावण्यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त हाती लागतं.

बाउंटीच्या टूर्नामेंटचे हात यात मिसळू नका. तिथे बाद करण्याचे रोख पैसे मिळतात, त्यामुळे कॉल सैल होतात. ते हात बाउंटीची रक्कम भरून वेगळे तपासा.